लिस्बनला जाताय? बेलेमच्या बुरुजावरचा गेंडा शोधाच

लिस्बन हे सात टेकड्यांचं शहर, असं सगळे सांगतात. प्रत्यक्षात चालायला लागलं की मोजदाद सोडून देतो. फुटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या बारीक चिऱ्यांचे, लोकांच्या पायांनी घासून चकचकीत झालेले. पावसाची एक सर आली की थेट कोकणातली शेवाळलेली पाखाडी! त्यामुळे बाकी खरेदी राहू दे, पकड असलेले बूट आधी घ्या.

आई बरोबर असल्यामुळे आम्ही मुक्काम मुद्दाम बायशा भागात ठेवला. शहराच्या मध्यावरचा हा सपाट भाग. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात, त्यामागून आलेल्या लाटांत आणि आगीत इथलं जवळपास सगळं गेलं. मग तेव्हाचा पोर्तुगीज मंत्री मार्केस द पोंबाल याच्या देखरेखीखाली सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते आखले गेले. जवळच कार्मोचं चर्च आहे. त्याचं छप्पर तेव्हा कोसळलं ते परत घातलंच नाही; कमानी तेवढ्या उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत. गर्दीच्या यादीत नाव नसलं तरी मला ते मोठमोठ्या राजवाड्यांपेक्षा आवडलं.

२८ नंबरच्या पिवळ्या ट्रामचं कौतुक जरा बेतानेच करा. मार्टिम मोनीझ या तिच्या सुरुवातीच्या थांब्यावर लांबलचक रांग असते आणि आतल्या चेंगराचेंगरीत खिसेकापूंचं फावतं. बसायचंच असेल तर सकाळी लवकर, दुसऱ्या टोकाहून, म्हणजे कांपु द ओरीकहून चढा. अल्फामा हा टेकडीवरचा जुना भाग मात्र पायीच पाहायचा. आधी ट्रामने वर पोर्ताश दु सोलपर्यंत जायचं आणि गल्ल्यांतून नदीकडे उतरायचं. गुडघे दुवा देतील.

नदीकाठच्या बेलेम भागासाठी अख्खी सकाळ ठेवा, सोमवार सोडून. जेरोनिमोस मठाचं काम सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालं, आणि पैसा आला तो मुख्यतः मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून. म्हणजे मिरी आपल्याकडची, नक्षी त्यांची. चर्चमध्ये शिरल्याबरोबर वास्को द गामाची कबर दिसते. तो वारला कोचीत, १५२४ साली. गोवा आणि वसईचा इतिहास शाळेत शिकलेल्या माणसाला तिथे नेमकं काय वाटावं, हे माझं अजून ठरलेलं नाही. पण घाईने पुढे सरकू नका.

तिथून चालत नदीकाठच्या बेलेम बुरुजाकडे जा आणि गेंडा शोधा. कोपऱ्यावरच्या एका छोट्या घुमटीच्या खाली, आधाराच्या दगडात त्याचं डोकं कोरलंय. वाऱ्यापावसाने इतकं झिजलंय की आधी नुसता गोटाच वाटतो. मग मुस्कट दिसायला लागतं. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला होता. तो गोव्याहून जहाजात चढवला आणि मे १५१५ मध्ये इथे उतरवला. पोर्तुगालच्या राजाने पुढे तो पोपकडे धाडला, पण वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि बिचारा साखळीसकट गेला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. ऐकीव वर्णन आणि एका रेखाटनावरून त्याने काढलेलं चित्र मात्र युरोपभर गाजलं. डोकं बाहेरूनच दिसतं, त्यासाठी तिकीट लागत नाही.

लिस्बनजवळच्या सिंत्रा गावासाठी वेगळा दिवस हवाच. रोसियू स्टेशनवरून लोकल साधारण चाळीस मिनिटांत पोचवते. पेना राजवाड्याचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. त्यावरची वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नव्हे, आणि फाटकापासून वर चढायला अर्धा तास सहज जातो. वेळ हुकली तर आत सोडत नाहीत. पेना लाल-पिवळा, थोडा नाटकी, फोटोंना उत्तम. मला त्याहून किंता दा रेगालेराची बाग आवडली. तिथे जमिनीत सत्तावीस मीटर खोल उतरणारी गोल जिन्याची विहीर आहे. पाण्यासाठी नाही, कसल्याशा गूढ विधींसाठी बांधलेली म्हणतात. एका दिवसात ही दोन ठिकाणं पुरेत. त्यातच युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक काबू दा रोका आणि कश्काइशचा किनारा कोंबला की दिवस बसस्टॉपवरच जातो. एव्होरा या दुसऱ्या शहरालाही असंच सवडीने जा. तिथे रोमन देवळाचे खांब आहेत आणि माणसांच्या हाडांनी मढवलेलं प्रार्थनाघर.

प्रवासासाठी स्टेशनवर नाव्हेगांत कार्ड मिळतं. ते माणशी एक लागतं, दोघांत एक चालत नाही. त्यात पैसे भरून ठेवले की मेट्रो, ट्राम आणि सिंत्राची लोकल सगळीकडे चालतं.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहाऱ्यांनी सूपसुद्धा विचारून घ्यावं. हिरव्यागार काल्दु व्हेर्दमध्ये सॉसेजचा तुकडा हमखास असतो, आणि प्रसिद्ध नाता टार्टमध्ये अंड्याचा बलक. कॅफेच्या काचेमागे ‘शमूसा’ दिसेल. तो गोव्याच्या वाटेने तिकडे रुळलेला आपलाच सामोसा, पण सारण बहुधा बीफचं किंवा चिकनचं. आणि बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं, ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, बिलात धरत नाहीत.