सहा कोटी दिवसांची मजुरी

मंगळवार, पहाटे. वास्को.

रात्रभर कोसळून पाऊस आत्ता जरा उघडलाय. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा अजून वाजलेला नाही. टेबलावर बायबल: मत्तय, अध्याय १८.

गेल्या पावसाळ्यापर्यंत माझं शास्त्रवाचन म्हणजे वर्षात पूर्ण करायचं म्हणून रोजचे तीन-चार अध्याय उरकणं. एखादा दिवस चुकला की मन खायचं. पाळकसाहेब म्हणाले, "ताई, थोडंच वाचा, पण पेन्सिल घेऊन बसा." तेव्हापासून एकेका उताऱ्यावर आठवडा जातो.

पहिला उतारा होता योहान ८. माझ्या वचनात राहिलात तर सत्य समजेल आणि सत्य तुम्हाला बंधमुक्त करील, असं प्रभू म्हणतो. शेवटचा भाग मला लहानपणापासून पाठ. 'राहिलात' हा शब्द मात्र त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. मी आजवर वचनात पाहुणी म्हणून जात होते, राहत नव्हते. ऐकणारे त्यावर म्हणतात, आम्ही अब्राहामाचे वंशज, आम्ही कधी कोणाचे दास नव्हतोच! मिसरातली गुलामी विसरले, बाबेलचा बंदिवास विसरले, डोक्यावरचं रोमचं राज्यसुद्धा विसरले. मीही तशीच. आजोबांपासून नगरची ख्रिस्ती मंडळी आम्ही, मला कसली सुटका हवी?

आणि दादाशी सात वर्षं अबोला. बाबांच्या मागे त्याने न विचारता घर स्वतःच्या नावावर करून घेतलं. रोज भांडी घासताना मी त्याच्याशी भांडायचे, मोठ्याने, एकेका ताटागणिक. तो नगरला, मी इथे. त्याला पत्ताही नाही, आणि माझी संध्याकाळ त्याच्या ताब्यात. दास्य म्हणतात ते हेच.

आज त्या निर्दय चाकराच्या दाखल्यात समासात हिशेब मांडला. एक दिनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी. एक तालान्त म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. राजाने त्या चाकराचं सोडलेलं कर्ज दहा हजार तालान्त: सहा कोटी दिवसांची मजुरी. त्याच चाकराने मग सोबत्याचा गळा धरला तो शंभर दिनारांच्या येण्यासाठी. शंभर दिवस काही थोडे नव्हेत. दादाकडचं माझं येणंही खरंच आहे. पण पेन्सिलने ती शून्यं काढताना हात थांबला. माझं केवढं सोडलं गेलंय, ते आधी कधी मोजलंच नव्हतं.

हे सगळं मला माझ्या मराठीत कळतं, याचं फार समाधान वाटतं. इथल्या नवख्रिस्ती लोकांनाही आपल्या भाषेत काही वाचायला हवं होतं. म्हणून फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओव्यांत ख्रिस्तकथा रचली, आणि १६१६ मध्ये ती इथेच गोव्यात, रायतूरला छापली गेली. मराठी प्रार्थनेला आम्ही इनमीन पाचसहा घरं जमतो, तेव्हा त्या ओव्यांची आठवण धीर देते.

रात्री, साडेनऊ.

भांडी घासून झाली. आज भांडले नाही. घरातला हिस्सा मी सोडलेला नाही, ते रीतसर बसून बोलू. पण हात पुसले आणि फोन लावला.

"दादा, पाऊस आहे का रे तिकडे?"

बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "नाही गं. वाट बघतोय."