समितीचं इतिवृत्त फलकावर लागलं पाहिजे

फोंडा तालुक्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयाच्या स्थानिक व्यवस्थापन समितीवर मी शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची प्रतिनिधी आहे. ही समिती नेमकं करते काय, हे मुलं विचारतात, पालक विचारतात, नवे प्राध्यापकही विचारतात.

आधी जे आमच्या हातात नाही ते. अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी हे ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात ठरतं. ते १९८५ साली सुरू झालं. त्याआधी इथली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. राज्यपाल कुलपती असतात. पगाराचं अनुदान सरकारकडून येतं, त्यामुळे नवं पद भरायचं तर नुसत्या आमच्या ठरावाने भागत नाही, फाइल पर्वरीला उच्च शिक्षण संचालनालयात जावी लागते.

उरतं ते अंदाजपत्रक, दुरुस्त्या, खरेदी, कँटीन, वाचनालय. मुलांचा रोजचा दिवस यावरच चालतो.

आमच्याकडे अजेंडा प्राचार्य आणि अध्यक्ष मिळून तयार करतात, आणि खरी धोरणं तिथेच ठरायला लागतात. अजेंड्यावर नसलेला विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' या मथळ्याखाली शेवटी येतो. तोवर कुणाला कोर्टात जायचं असतं, कुणाला दुकान उघडायचं असतं.

वाचनालयाच्या वेळेचंच घ्या. सत्तरी तालुक्यातून येणाऱ्या मुलींची परतीची कदंब महामंडळाची बस संध्याकाळी उशिरा. वाचनालय मात्र त्याआधीच बंद व्हायचं आणि त्या स्टँडवर ताटकळायच्या. मी विषय काढला, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि इतिवृत्तात, म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदीत, लिहिलं गेलं, 'चर्चा झाली'. पुढच्या बैठकीपर्यंत काहीच हललं नाही. मग मी विषय लेखी दिला, शिपायाच्या जादा वेळेचा खर्च हिशेबनिसांकडून काढून सोबत जोडला. त्या वेळी सूचक आणि अनुमोदक मिळाले, ठराव झाला आणि तो कुणी, कोणत्या तारखेपासून अमलात आणायचा तेही लिहिलं. आता दिवे उशिरापर्यंत चालू असतात. नव्या सदस्यांना मी एवढंच सांगते : मागचं इतिवृत्त कायम, म्हणजे मंजूर, करताना ते ओळ न् ओळ वाचा.

हा ठराव कसा झाला, हे त्या मुलींना मात्र कळलंच नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या समित्यांची माहिती स्वतःहून जाहीर करायची असते आणि बैठकांची इतिवृत्तं लोकांना पाहता येतात की नाही तेही सांगायचं असतं. गोव्याने तर १९९७ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयाने अर्जाची वाट का पाहावी?

येत्या बैठकीसाठी मी विषय लेखी दिला आहे : इतिवृत्त कायम झाल्यावर पंधरा दिवसांत, विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांचे खाजगी तपशील वगळून, वाचनालयाबाहेरच्या फलकावर मराठीत लावावं. अनुमोदन द्यायला एक प्राध्यापिका तयार आहेत.