पाच वेळा वाचलेला भट्टीवाला

टायटॅनिक म्हटलं की सगळ्यांना श्रीमंत प्रवासीच आठवतात, पण मला त्या जहाजाच्या तळाशी कोळसा ओढणारे लोक जास्त इंटरेस्टिंग वाटतात. त्यातलाच एक आर्थर जॉन प्रीस्ट, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचा स्टोकर. काम काय तर बॉयलरच्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकत राहायचं, चार तास ड्युटी, मग आठ तास सुट्टी, की परत तेच. टायटॅनिकवर २९ बॉयलर आणि १५९ भट्ट्या होत्या, त्या धगीत लोक अंगात जेमतेम बनियन घालून काम करायचे, आणि वर डेकवर कडाक्याची थंडी. एप्रिल १९१२ च्या त्या रात्री हा माणूस एवढ्या खालून वर आला कसा, हेच मला नवल वाटतं.

बरं एवढ्यावर थांबेल तर ना! १९११ ला ऑलिंपिक नावाच्या जहाजाची हॉक या युद्धनौकेशी टक्कर झाली तेव्हाही हा जहाजावर होताच, मग टायटॅनिक, फेब्रुवारी १९१६ ला अल्कान्टारा, त्याच नोव्हेंबरात ब्रिटॅनिक (ते तर तासाभराच्या आतच बुडालं) आणि एप्रिल १९१७ ला डोनेगल. ऑलिंपिक वाचलं, बाकी चारही बुडाली, हा मात्र दरवेळी जिवंत!

आणि त्या काळचा नियम बघा, जहाज बुडालं की खलाशांचा पगार तिथेच बंद. म्हणजे जीव वाचला तरी पोटासाठी परत दुसरं जहाज शोधा.

१९३७ मध्ये तो गेला, साउदॅम्प्टनलाच, न्यूमोनियाने.