सासण गीर: सिंहिणी बघायला जा, आणि परवाना वाचून जा

गुजरातमधल्या गीरच्या जंगलालगतच्या सासण गावातल्या हॉटेलांच्या भिंतींवर एक चित्र हमखास दिसतं: मधोमध आयाळवाला राजा, भोवती आठ-दहा सिंहिणी. हे गीर नव्हे, ही आफ्रिका आहे. गीरमध्ये कळप म्हणजे बहुधा दोन-तीन सिंहिणी आणि त्यांचे छावे. नर वेगळे फिरतात, अनेकदा जोडीनं, आणि मोठी शिकार पडली किंवा सिंहीण माजावर आली तरच इकडे वळतात. इथलं मुख्य भक्ष्य चितळ, त्यात मोठ्या कळपाचं पोट भरत नाही. नरही पोटासाठी सिंहिणींवर अवलंबून नसतात.

आता फसवणुकीचं. एजंटनं ‘गीर सफारी, सिंह शंभर टक्के’ म्हणून भरमसाट पैसे घेतले आणि आम्हाला नेऊन सोडलं देवळियाला. देवळिया म्हणजे सासणपासून दहा-बारा किलोमीटरवरचं, कुंपण घातलेलं चारेक चौरस किलोमीटरचं आवार. बस एक फेरी मारते, सिंह दिसतात, संपलं. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर ठीक, पण जंगलाच्या भावानं याचे पैसे देणं म्हणजे शुद्ध लूट. परवान्यावर ‘गीर जंगल ट्रेल’ लिहिलं असेल तरच ते खरं जंगल. वन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः बुकिंग करा. परवाना, जिप्सी (सफारीची उघडी गाडी) आणि गाईड यांचे पैसे वेगवेगळे धरा. रूट तिथेच ठरवून मिळतो, ‘चांगला रूट लावून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

जंगल ट्रेलनं मात्र सगळा राग धुऊन काढला! सागाच्या पाचोळ्यात दोन सिंहिणी आडव्या पडल्या होत्या आणि दोन वेगवेगळ्या वयांचे छावे एकीलाच लुचत होते. कळपातल्या सिंहिणी सहसा आई, मुली, बहिणी, मावश्या असतात, त्यामुळे एकमेकींच्या पिल्लांना पाजतात. मुली बहुधा कळपातच राहतात, मुलगे तिसऱ्या वर्षाच्या आसपास बाहेर पडतात. व्यायल्यानंतर मात्र आई पहिले काही आठवडे पिल्लांना बाकीच्यांपासून लपवून ठेवते.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. परका नर छावे मारतो, म्हणजे त्यांची आई लवकर पुन्हा माजावर येते. गीरच्या सिंहिणी यावर तोड काढतात: आजूबाजूच्या एकमेकांशी वैर असलेल्या नरांशीही समागम करतात. छावा आपलाच असू शकतो म्हटल्यावर त्यातला कुठलाच नर त्याला हात लावत नाही. गीरमध्ये वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासातून हे पुढे आलं आहे. कळपाचा कारभार सिंहिणींच्या हातात आहे, तो असा.

म्हणून ‘नर दाखवा’ असा धोशा ड्रायव्हरपाशी लावू नका. शेजारच्या जिप्सीतल्यांनी तेच केलं आणि चालत्या छाव्यांसमोरून गाडी धुरळा उडवत गेली. संतापजनक प्रकार! सिंहिणी दिसल्या की इंजिन बंद करायला सांगा आणि तिथेच थांबा. त्या दिवसाचे अठरा-वीस तास लोळत असतात, हालचाल बघायची तर पहाटेची फेरीच घ्या, दुपारची नको.

जंगल १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं. एप्रिल-मेमध्ये पानं गळलेली असतात आणि जनावरं पाणवठ्यावर येतात, तेव्हा सगळ्यात चांगलं दिसतं, पण उकाडा भयंकर. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीत पहाटे दात वाजतात. मुंबईहून वेरावळला थेट गाडी आहे, तिथून सासण रस्त्यानं तासाभरावर. देवळिया बुधवारी बंद, हेही एजंट सांगत नाहीत.