फॅरामीरचं प्रकरण

रविवार, रात्री उशिरा

तीन दिवस झाले, घरात मॉर्डॉरशिवाय दुसरा विषय नाही. भाची तेरा वर्षांची. तिने टोल्किनची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी वाचलेलीही नव्हती आणि पीटर जॅक्सनने त्यावर केलेले तीन सिनेमे पाहिलेलेही नव्हते. (मॉर्डॉर म्हणजे त्यातला खलनायकाचा मुलूख; फ्रोडो नावाच्या बुटक्या हॉबिटने सगळ्यांना नासवणारी अंगठी तिथल्या ज्वालामुखीत नेऊन टाकायची, ही गोष्ट.) दादाने फर्मान काढलं की बघायचे तर लांब आवृत्तीतलेच बघायचे. म्हणजे तिन्ही मिळून अकरा तासांच्या वर. शुक्रवारी पहिला, काल दुसरा, आज तिसरा. आता बापलेक झोपलेत आणि मी हे भांडण लिहून काढतेय, कारण त्यात मी हरले. निदान अर्धी तरी.

आमचं दोघांचं हे जुनंच आहे. मी आधी पुस्तक वाचलं, त्याने आधी सिनेमे पाहिले, आणि तेव्हापासून दोघंही आपापल्या जागेवरून हललेलो नाही. शस्त्रंसुद्धा ठरलेली. तो म्हणणार, तिसऱ्या भागाला अकरा नामांकनं होती आणि अकराच्या अकरा ऑस्कर मिळाली. मी म्हणणार, टोल्किनचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी २०१२ मध्ये एका फ्रेंच वृत्तपत्राला काय सांगितलं ते वाच. वडिलांचं पुस्तक पोखरून पोरांसाठी मारधाडपट केला, असाच सूर होता. मग तो म्हणणार, "अगं, तू सिनेमा बघत नाहीस, हजेरी घेतेस." घेते खरी. पुस्तकात रानात भेटणारा टॉम बॉम्बाडिल, गैरहजर. हॉबिट गावी परततात तेव्हा त्यांच्या शायर या मुलखाची झालेली वाताहत आणि ती निस्तरायची लढाई, गैरहजर. यातल्या शायरचं मला मनापासून वाईट वाटतं. बॉम्बाडिलचं विशेष नाही. पुस्तकातही त्याची गाणी मी पानं उलटून टाळते. (हे दादाला कधी सांगितलेलं नाही.)

पण माझी खरी तक्रार फॅरामीरबद्दल, म्हणजे गोंडोर राज्याच्या कप्तानाबद्दल. पुस्तकातला फॅरामीर मला इतका आवडतो की त्याच्यासाठी मी पीटर जॅक्सनवर वीस वर्षं डूख धरून आहे. पुस्तकात तो फ्रोडोला सांगतो की ती वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. पुढे फ्रोडोच्या सोबत्याच्या, सॅमच्या तोंडून चुकून अंगठीचं नाव निघतं आणि अंगठी हाताच्या अंतरावर येते, तेव्हाही तो दिल्या शब्दाला जागतो. सख्खा भाऊ बोरोमीर अंगठीला भुलून जिथे घसरला तिथे हा उभा राहतो. सिनेमात मात्र तो फ्रोडो आणि सॅमला बांधून ऑस्गिलिएथ या पडक्या शहरापर्यंत फरफटत नेतो. काय गरज होती?

सिनेमाच्या लेखकांचं उत्तर मला पाठ आहे. अंगठी सगळ्यांना नासवते असं दोन सिनेमे ओरडून सांगायचं आणि मग एक जण तिला सहज नाही म्हणाला, तर पडद्यावर तिची भीती काय राहिली? शिवाय शेलॉब या महाकाय कोळिणीचा प्रसंग तिसऱ्या भागात ढकलल्यामुळे दुसऱ्याच्या शेवटी फ्रोडोच्या वाट्याला काहीतरी मोठं हवंच होतं. हे मी नेहमी 'सोय' म्हणून उडवून लावते.

काल भाचीने मला गाठलं. लांब आवृत्तीत एक प्रसंग जास्तीचा आहे: फॅरामीरला आठवतं, की बाप डेनेथॉर अंगठी आणायला बोरोमीरला पाठवतोय. फॅरामीर मध्ये पडून म्हणतो, मी जातो. बाप कुत्सितपणे विचारतो, म्हणजे गोंडोरचा कप्तान फॅरामीर आपली लायकी दाखवणार तर? आणि मग गुहेत, फ्रोडोसमोर तलवार धरून उभा असताना, फॅरामीर तेच शब्द स्वतःशी बोलतो. मी हा प्रसंग कितीदा तरी पाहिलाय. भाची उठून बसली.

"आत्या, हे तर त्याचे बाबा म्हणाले होते!"

मी जरा वेळ गप्पच. कारण ते वाक्य पुस्तकातलंच आहे. तिथे ते फॅरामीर बोलतो, उठून उभा राहतो, वाचणाऱ्याच्या छातीत धस्स होतं, आणि तो हलकेच हसून पुन्हा खाली बसतो. सिनेमावाल्यांनी ते उचलून आधी बापाच्या तोंडी घातलं. म्हणजे हा फॅरामीर अंगठीला भुललेला नाही, बापाच्या एका शब्दाला आसुसलेला आहे. मग ऑस्गिलिएथमध्ये सोबतचा माणूस बजावतो की यांना सोडलंस तर कायद्याने तुझा जीव जाईल, आणि तो सोडतो. "मला हाच सगळ्यात आवडला," भाची म्हणाली, "कारण तो आधी चुकतो." दादा माझ्याकडे बघून जे हसला ते मी इथे लिहीत नाही.

बरं, फॅरामीर दिला. शेवट देणार नाही.

ज्वालामुखीच्या कड्यावर फ्रोडो अंगठी माझी म्हणतो, अंगठीपायी कधीच बिघडलेला गॉलम त्याचं बोट तोडतो आणि आनंदाने नाचतो. इथवर दोन्हीकडे सारखंच. पुस्तकात त्या नाचातच त्याचा तोल जातो; कुणी हात लावत नाही. सिनेमात फ्रोडो उठून त्याच्याशी झटापट करतो आणि दोघं कड्यावरून जातात. माझं म्हणणं असं, की पहिल्या भागात मोरियाच्या खाणीच्या अंधारात जादूगार गँडाल्फ सांगतो की बिल्बोने (फ्रोडोच्या आधी अंगठी त्याच्याकडे होती) या गॉलमची दया केली, त्यावर पुढे पुष्कळांचं नशीब ठरेल. मग त्या दयेचं फळ येतंय त्याच क्षणी हाणामारी कशाला? दादा म्हणतो, पडद्यावर नुसता पाय घसरला तर लोक हसतील. सिनेमावाल्यांनी आधी तर फ्रोडो गॉलमला ढकलतो असंच चित्रित केलं होतं, पण तो सरळ खून दिसायला लागला म्हणून बदललं. "मग झटापट म्हणजे अर्धा खून का?" असं मी विचारलं, त्यावर दादा म्हणाला, "नीट बघ, तो मारायला उठलेला नाही." पुढे आवाज चढले. भाची उठून झोपायला गेली.

टोल्किनच्याच 'द हॉबिट'चे तिन्ही सिनेमे उद्यापासून लावायचे का, हा प्रश्न तसाच राहिला. १९३७ चं ते छोटंसं पुस्तक तीन भागांत ताणलं, त्यात पुस्तकात नसलेली टॉरिएल आणली, 'लॉर्ड'मधल्या लेगोलासलाही घुसवलं. त्याची बाजू दादासुद्धा घेत नाही.

आत्ता तो कड्यावरचा प्रसंग आवाज बंद करून पुन्हा लावला. दोनदा. गॉलमची पाठ, वर धरलेली अंगठी, मागून येणारा फ्रोडो. त्याचं बोट तुटलंय, तरी हात गॉलमच्या गळ्याकडे जात नाहीत, वर जातात, अंगठीकडे. ती त्याला अजूनही परत हवी आहे.

दादाला हे सकाळी सांगायचं की नाही, बघते.