लिंक्डइनची झाडलोट

रविवार, दुपार

लिंक्डइनवर ३०,००० कनेक्शन्सपर्यंत मुभा आहे, त्यामुळे साफसफाईची घाई कुणालाच नसते. पण फीड उघडावं तर अनोळखी लोकांचे कोर्स, विमे आणि अभिनंदनांच्या ढिगाखाली कामाची पोस्ट गाडलेली. आज हे काम हातावेगळं करायचंच.

आधी यादी उतरवून घेतली. 'सेटिंग्ज अँड प्रायव्हसी', मग 'डेटा प्रायव्हसी', तिथे 'गेट अ कॉपी ऑफ युवर डेटा' आणि फक्त 'कनेक्शन्स'वर खूण. थोड्या वेळात ईमेल येतो. फाइलमध्ये नाव, कंपनी, पद आणि जोडले गेल्याची तारीख असते. एक्सेलमध्ये कंपनीनुसार लावली की कोण कुठला ते पटापट उलगडतं. ईमेलचा रकाना बहुतेकांपुढे रिकामाच दिसतो, कारण ज्याने परवानगी दिली आहे त्याचाच पत्ता उतरतो.

काढायचं मात्र एकेकाला. 'माय नेटवर्क', 'कनेक्शन्स', नाव शोधा, शेजारची तीन टिंबं, 'रिमूव्ह कनेक्शन'. समोरच्याला सूचना जात नाही. त्याने आपलं प्रोफाइल उघडलं तर कळेल तेवढंच. एकगठ्ठा काढून देणारी ब्राउझर एक्स्टेन्शन्स मिळतात, पण ती नियमात बसत नाहीत आणि अकाउंटवरच निर्बंध येऊ शकतात. नकोच ती भानगड.

खरी गोम शिफारशींत आहे. कनेक्शन तोडलं की त्या माणसाने लिहिलेलं रेकमेंडेशन आणि आपल्या कौशल्यांना दिलेली एंडोर्समेंट्स, म्हणजे पसंतीच्या पावत्याही जातात, आणि पुन्हा जोडून घेतलं तरी परत येत नाहीत. जुन्या साहेबांचं नाव दिसलं की बोट आवरावं आणि आधी आपल्या प्रोफाइलच्या तळाशी जाऊन बघावं. नुसता पोस्टचा वैताग असेल तर 'अनफॉलो' पुरे. ओळख राहते, फीड मोकळं होतं. निम्म्याहून जास्त नावांना तेवढंच लागतं, असं माझं मत. ब्लॉक फक्त त्रास देणाऱ्यासाठी. तो उठवला तरी कनेक्शन आपोआप जुळत नाही, आणि त्याच माणसाला पुन्हा ब्लॉक करायला ४८ तास थांबावं लागतं.

पाठवून उत्तर न आलेल्या विनंत्याही 'सेंट'मधून मागे घेता येतात. मात्र त्याच व्यक्तीला नवी विनंती तीन आठवड्यांपर्यंत जात नाही.

एवढं करूनही प्लंबरपासून जुन्या घरमालकापर्यंत सगळे 'ओळखीचे असतील' म्हणून सुचवले जात असतील, तर फोनमधली कॉन्टॅक्ट यादी सिंक झाली असण्याची दाट शक्यता. ती कनेक्शन्सपासून वेगळी असते. सेटिंग्जमध्ये सिंक बंद करावं आणि आधी चढलेली नावंही पुसावीत.