पूर्ण एक मिनिट
बालरुग्ण विभागात अनेक वर्षे काम करून मी परिचर्या शिकवू लागले, तेव्हा पहिल्याच तासाला विद्यार्थिनींच्या हाती घड्याळ दिले. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. मध्येच काही सेकंद थबकतो, मग भराभर सुरू होतो, म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय (मलाही ती होती) इथे फसवते. बाळ शांत असताना, आईच्या मांडीवरच, झबले वर सरकवून पोटाची हालचाल पूर्ण मिनिटभर मोजावी. 2 ते 11 महिन्यांच्या बाळात 50 किंवा त्याहून अधिक श्वास भरले, तर तो जलद समजतात. औषधाच्या मात्रेत दशांशचिन्ह एक घर सरकले तरी दहापट फरक पडतो, त्यामुळे 0.5 मधले पहिले शून्य गाळणारीला (टिंब नजरेतून सुटले की .5 चे 5 वाचले जाते) मी गणित पुन्हा करायला लावते.